पुरवणीतलं बारावं गाव

एका माणसाचं अख्खं गाव मी एकदा सुतळीत ओवून द्राक्षाच्या मांडवाला टांगलं होतं. पाखरं हाकलायला. गाव गोल होतं, मधोमध भोक होतं, ऊन पडलं की लखलखायचं, आणि ते कुणाचं आहे हे मला चांगलं माहीत होतं. घरात मात्र मी सगळ्यांना सांगितलं, "चुकून झालं." आता सत्तरी उलटली, माझ्यावर रागावण्याएवढं मोठं माणूस घरात उरलं नाही, तेव्हा खरं सांगून टाकते. चुकून नव्हतं. मूर्खपणानं होतं. या दोन्हींतला फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

आठवण निघाली ती माझ्या नातीमुळे, ईरामुळे. परवा लेक वैशू आम्हा दोघींना गाडीत घालून दिंडोरीकडे निघाली होती. फेब्रुवारीचा शेवट. सकाळी शाल लागते आणि दुपारी तीच शाल कुठं ठेवू असं होतं, ते दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा, बहुतेकांवर जाळ्या किंवा चमचमत्या फिती. एका म्हाताऱ्याच्या बागेत मात्र जुन्या पद्धतीनं तारेला चकत्या लटकत होत्या. वाऱ्यानं गिरक्या घेत होत्या, त्यांचे इंद्रधनुषी कवडसे थेट आमच्या काचेवर.

"आजी, ते आरसे कशाला टांगलेत?"

"आरसे नव्हेत गं. सीडी."

"सीडी म्हणजे?"

वैशूनं गाडीच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सांग की, आई. या विषयात तुझ्याएवढा अनुभव कुणाचा आहे?"

वीसेक वर्षं झाली, तरी पोरीचा टोमणा अजून धारदार आहे. मी काच खाली केली तर फवारलेल्या गंधकाचा वास आला, पिकत्या घडांचा आंबूस-गोड वास आला, आणि मागोमाग तो सगळा हंगाम गाडीत येऊन माझ्या शेजारी बसला.

आमचं घर मखमलाबादला, मळ्यात होतं. आज तिथं सहा मजली इमारती आहेत आणि आमच्या विहिरीच्या जागी गाड्या लावतात. तेव्हा दीड एकर बाग होती. दोन हजार साल उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. वैशूचे वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात पाळीवर जायचे, त्यामुळे बाग माझ्याच अंगावर. मला ते मिरवायलाही फार आवडायचं. त्या वेळची शालन म्हणजे कमरेला पदर खोचलेली, हातात कायम कात्री, आणि जगात आपल्याशिवाय कुणालाच काम नाही अशी पक्की समजूत. आज समोरून आली तर मी रस्ता बदलीन.

द्राक्षाला फेब्रुवारीत पाणी उतरतं. म्हणजे इतके दिवस गोटीसारखा टणक असलेला मणी एका आठवड्यात मऊ पडतो, आतून उजळतो, बोटानं दाबला तर दबतो. माणूस बघत असतो तोवर काही होत नाही, आणि एक दिवस सकाळी जाऊन बघावं तर झालेलं असतं. हे ज्या दिवशी आपल्याला कळतं त्याच दिवशी बुलबुलांना आणि साळुंक्यांनाही कळतं. त्याच सुमारास बारावीची परीक्षा येते. नाशिकच्या बागाईतदाराच्या घरात मूल बारावीला असलं की आईच्या छातीत एकाच वेळी दोन पिकं धडधडतात. त्या वर्षी माझी वैशू बारावीला होती.

आणि घरात तात्या होते. माझे सासरे.

तात्या सरकारी मोजणीदार. तीस-पस्तीस वर्षं साखळी आणि झेंड्या घेऊन जिल्हाभर फिरले, लोकांच्या बांधांवरून शिव्या खाल्ल्या, चहाही प्यायले. आदल्या दिवाळीत माझ्या सासूबाई गेल्या आणि तात्यांचा आवाजच गेला. बोलायचे नाहीत असं नाही. "हो." "नको." "ठेव तिथं." संपलं. बागेत पाऊल टाकणं बंद. ओसरीवरच्या खुर्चीतून उठून जेवायला, जेवणावरून उठून खुर्चीत.

सासूबाई नांदगावकडच्या एका कोरड्या खेड्यातल्या. उन्हाळ्यात तिकडे माणसाआधी हंडा उठतो. तात्या नव्यानं नोकरीला लागले तेव्हा तिथं पाटाच्या मोजणीला गेले होते. लग्न ठरलं ते तिथंच. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले, पाट काही आला नाही. सासूबाईंनी त्यावरून त्यांना जन्मभर छळलं. घरात पाहुणे बसलेले असले की हमखास सुरू. "ह्यांनी आमच्या गावाला फार मोठी सोय केली हो. ह्यांच्या दगडांवर बायका अजून कपडे वाळत घालतात." तात्या हसायचे आणि ठरलेलं उत्तर द्यायचे, "आणीन गं पाणी तुझ्या माहेरी. मोजणी माझी आहे, उतार चुकायचा नाही." हा संवाद मी पंचवीस वर्षं ऐकला. मला कंटाळा यायचा. माणूस गेल्यावर अशाच कंटाळवाण्या गोष्टींची जागा घरात रिकामी दिसते, हे तेव्हाच्या शालनला कुठलं माहीत.

वैशूसाठी आम्ही कॉम्प्युटर घेतला होता. मी त्याला क्रोशाचं आवरण विणलं, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, आणि त्याला पुसायला वेगळं फडकं ठेवलं. वापर मात्र केला नाही, कारण मला वाटायचं की आपण बटण दाबलं की कुठंतरी काहीतरी पुसलं जातं. त्यावर वैशू एक गेम खेळायची. राजा, प्रजा, लाकूडतोडे, बैलगाड्या. गाव वसवायचं आणि मग शेजारच्यावर चालून जायचं. एका दुपारी तात्या तिच्या मागं येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मग म्हणाले, "तुझा रस्ता वाकडा गेलाय. गाडीला फेरा पडतोय."

दिवाळीनंतर एका दमात बोललेली ही त्यांची पहिली दोन वाक्यं. मी स्वयंपाकघरात हातातली कणीक घेऊन तशीच उभी राहिले, हे मला नक्की आठवतं. मग काय केलं हेही आठवतं. "वैशू, पुस्तक कुठंय?" असं ओरडले.

तात्या खेळायला शिकले. लढाया त्यांना नको असत. सैनिक आले की म्हणायचे, "वैशू, यांना तू बघ, मला गावठाण आखायचंय." महिनाभरात गेममधली सगळी गावं आखून झाली आणि माणूस पुन्हा गप्प होणार अशी लक्षणं दिसू लागली. तेव्हा वैशूनं कॉलेज रोडवरच्या तळघरातल्या एका दुकानातून ती सीडी आणली. पातळ प्लास्टिकची डबी, आत चकतीवर वेडावाकडा छापलेला बैल.

"तात्या, हा एक्स्पान्शन पॅक. मूळ गेमच्या कंपनीनं केलेला नाही. परदेशात कुणीतरी दोघातिघांनी घरी बसून त्याच गेमला बारा नवी गावं जोडलीत."

"कंपनीनं सांगितलं होतं त्यांना?"

"छे. आपलं आपणच."

"म्हणजे पुरवणी," तात्या म्हणाले. "पेपर एकाचा, त्याला दोरा बांधून पुरवणी दुसऱ्याची."

तेव्हापासून घरात त्या चकतीचं नाव पुरवणी. तीत लढाई अशी नव्हतीच. एक नदी, तिच्या काठानं बारा गावं, आणि प्रत्येक गाव दुष्काळ यायच्या आत उभं करायचं. कुठं विहीर, कुठं बंधारा, कुठं नुसती झाडं. माहितीपुस्तिका इंग्रजीत, म्हणून वैशूनं एका शंभर पानी वहीत तिचं मराठी करून दिलं. करणारे हौशी होते हे जागोजागी दिसायचं. एका गावात बैल विहिरीत उतरून निवांत उभा राहायचा. एका ठिकाणी पाणी चक्क चढावर चढायचं. तात्या खूश. "ज्यानं हे केलंय त्यानं आयुष्यात कधी पाट खणलेला नाही," असं म्हणायचे, आणि त्या न बघितलेल्या पोरांची चूक ज्या मायेनं सांगायचे, ती माया मी भाजीत मीठ जास्त टाकलं तर माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

आता वाटतं, घराला सूनही तशीच जोडलेली असते. मूळ कारखान्यातली नसते, बाहेरून येते, काही ठिकाणी बैल विहिरीत उभा राहतो, आणि चालवून घ्यावं लागतं. मला त्यांनी पंचवीस वर्षं चालवून घेतलं होतंच की. पण हे आज सुचतं. तेव्हा डोळ्यांपुढं बारावीचं वेळापत्रक होतं.

रोज दुपारी चार ते पाच आजोबा-नात पुरवणी घेऊन बसायचे. एकच तास. वैशू म्हणायची, "आई, माझं डोकं मोकळं होतं." मी म्हणायची, "फार मोकळं झालंय, त्याचीच काळजी आहे." तात्यांनी प्रत्येक गावाला आपण मोजलेल्या एकेका गावाचं नाव दिलं होतं, वहीत ओळीनं लिहून. अकरा झाली. बारावं सगळ्यात कोरडं, नदीपासून लांब, मध्ये खडक. त्याच्यापुढं त्यांनी सासूबाईंच्या माहेराचं नाव लिहिलं. मी ते वाचलं होतं. चहाचा कप ठेवताना वही उघडीच होती.

वाचलं होतं, तरी केलं. म्हणूनच म्हटलं, चुकून नव्हे.

त्या आठवड्यात पाखरांनी उच्छाद मांडला होता. डबे वाजवून हात दुखले. कुणीतरी सांगितलं, सीड्या टांगा. मी मासिकांबरोबर फुकट आलेल्या, क्लासवाल्यांनी टाकून दिलेल्या अशा चाळीसेक चकत्या जमवल्या आणि पेठकडून तोडणीला आलेल्या जनाबाईला घेऊन सुतळ्या ओवायला बसले. जनाबाई एक चकती तोंडापुढं धरून केस नीट करीत म्हणाली, "बाई, यात तर आपलंच तोंड दिसतंय. पाखरू कशाला भिईल?"

"माझं तोंड दिसलं की भिईल," मी म्हटलं. दोघी खूप हसलो.

तेवढ्यात घरातून वैशूच्या हसण्याचा आवाज आला आणि तात्यांचाही. परीक्षेला पाच दिवस राहिले होते. डोक्यात सणक गेली. पाच वाजता दोघं उठल्यावर मी आत गेले, यंत्राचा खण उघडायचं बटण दाबलं (एरवी ज्याला हात लावायला भ्यायचे तेच बटण), बैलाची चकती काढली आणि पदराखाली घेऊन थेट शेवटच्या ओळीत गेले, शेवाळलेल्या हौदाच्या बाजूला, जिथं कुणी फारसं जात नाही. परीक्षा झाली की काढून आणायची, एवढाच बेत. बैल पानांकडे तोंड करून बांधला, म्हणजे दिसायला नको. आणि एक गाठ सुटली, पडून फुटली तर काय घ्या, म्हणून वर आणखी एक गाठ मारली. स्वतःला फार हुशार समजत घरी आले. त्या रात्रीच्या पिठल्याला चवही फार छान होती, असं आठवतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता खण रिकामा निघाला.

वैशूनं घर पालथं घातलं. तात्यांनी शोधलं नाही. खुर्चीत जाऊन बसले. त्या संध्याकाळी चहा नेला तर म्हणाले, "ठेव तिथं." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ठेव तिथं." कपावर साय धरली. दिवाळीनंतरचे तात्या परत आले होते, आणि त्यांना मी आणलं होतं. तिसऱ्या दिवशी मी देवापुढं निरांजन लावत असल्यासारखं तोंड करून म्हणाले, "त्या बागेतल्या सीड्यांत चुकून गेली की काय कोण जाणे."

वैशू चप्पल न घालताच बागेकडे पळाली. माझ्या मागून काठीचा आवाज आला. वळून बघते तो तात्या ओसरीच्या पायऱ्या उतरत होते. डोक्यावर मोजणीच्या दिवसांतली खाकी टोपी.

चार महिन्यांनी बागेत आलेला माणूस. पहिल्या ओळीपाशी उभे राहिले, मांडवाकडे एकदा नीट पाहिलं आणि कामच वाटून दिलं. "वैशू, पहिल्या सहा ओळी. जनाबाई, पुढच्या सहा. शालन, तू मधल्या. शेवटच्या माझ्याकडे." मी म्हटलं, "तात्या, तिकडे ओल आहे, पाय घसरेल, शेवटच्या मी बघते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोजणीदार माणसानं बांध सरकवणाऱ्याकडे बघावं तसं. आणि चालायला लागले.

मधल्या ओळींत मी खोटं खोटं शोधत होते, आणि पानांमधून मला ते दिसत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं एकेक चकती वळवून बघत, पावलं मोजत. शेवटच्या ओळीशी थांबले. वर पाहिलं. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. बाकीच्या चाळीस सुतळ्या एका हिसक्यात सुटत होत्या.

चकती वाऱ्यानं तारेवर घासून घासून खरवडली होती. वैशूनं टूथपेस्ट लावून पुसली, मऊ कापडानं पुसली, फुंकरी मारल्या. यंत्रानं बरीच घरघर केली. बैल आला. पहिलं गाव उघडलं, दुसरं उघडलं, अकरावंही उघडलं. बारावं उघडेना. पडदा काळा व्हायचा आणि तसाच राहायचा. तळघरातल्या दुकानदारानं सांगितलं की एकच नग आला होता, पुन्हा कधी आला नाही, येणारही नाही. ज्यांनी केली त्यांचं नाव त्याला माहीत नव्हतं, आणि पुस्तिकेवर होतं ते आम्हाला वाचता येईना.

माझं 'चुकून' वैशूला पटलंच नव्हतं; रसायनशास्त्राच्या पेपरापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तो पेपर देऊन आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, तू नुसतं सांगितलं असतंस ना, की महिनाभर बंद ठेवा, तर तात्यांनी स्वतः ती कपाटात ठेवली असती." मला हे सुचलंच नव्हतं. मला बाग कळायची, मणी कधी मऊ पडतो ते बोटाला कळायचं. घरातल्या माणसाला मात्र कधी दाबून बघितलं नव्हतं.

तात्या त्या दिवसापासून बागेत येऊ लागले, हे मी माझ्या बाजूनं सांगायला हवं, नाहीतर फारच काळी दिसेन मी. शेवटच्या ओळीत खुर्ची टाकून पाखरं राखायचे. बुलबुलांशी त्यांच्या वाटाघाटी चालत. "हा घड तुझा, पण त्या पलीकडच्याला चोच लावायची नाही." तोडणी झाली, क्रेट गेले, बाग ओकीबोकी झाली. जनाबाई गावी गेली. एप्रिलात आम्ही खरड छाटणी केली. बाग पार बोडकी होते तेव्हा. नुसते खुंट, आणि वर मोकळ्या तारा. पण तात्या खुर्चीत बसून काहीतरी करत असायचे. मांडीवर पाट, पाटावर कागद. मी जवळ गेले की हात आडवा.

माझी जवळ जायची हिंमतही नव्हती. दीड महिना मी त्यांच्यापुढं "चुकून" हा शब्द जपाच्या माळेसारखा ओढत होते. चहा देताना, औषध देताना, काही कारण नसताना. "तात्या, त्या दिवशी चुकून..." ते म्हणायचे, "हं."

छाटणीनंतर मोरचूद आणि चुन्याची फवारणी असते. एका सकाळी मी हौदाशी बसून मोरचूद कालवत होते. बादलीत पाणी निळं होत जातं ते बघत राहावं असंच असतं. आणि बोटं निळी होतात, नखांच्या कडा तर चार दिवस निघत नाहीत. तात्यांनी खुर्चीतून हाक मारली. "शालन, इकडे ये. हात पुसू नकोस."

गेले. त्यांनी मांडीवरचा पाट माझ्याकडे फिरवला. वैशूच्या प्रयोगवहीतले आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून केलेला मोठा तक्ता. पेन्सिलीनं काढलेली नदी. खडक. बारावं गाव, घरन् घर, देऊळ, पार, आणि गावाबाहेर एका ओळीत छोटे चौकोन. ते काय म्हणून वाकून पाहिलं तर खुणेचे दगड. एका दगडावर बारीकशी साडी वाळत घातलेली होती. नदीपासून त्या दगडांच्या कडेकडेनं गावापर्यंत दोन समांतर रेघा आल्या होत्या, जागोजागी उताराचे आकडे घातलेल्या. रेघांच्या मधली जागा कोरी.

माझ्या तोंडात पुन्हा तो शब्द आला. "तात्या, खरंच, मी चुकून..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाकी चाळीसांना एकेक गाठ होती, शालन, आणि माझ्या गावाला दोन. तेव्हाच कळलं मला सगळं. पाट मी आखून ठेवलाय, उतार बरोबर आहे. बोटं तुझी निळी आहेत. पाणी तू सोड."